अडासची गाडी कोल्हापूरच्या रस्त्यावर: एक पावसाळा आणि एक गळीत हंगाम वापरल्यानंतर

गेल्या पाडव्याला अडास, म्हणजे चालकाला मदत करणारी कॅमेरा-रडारची यंत्रणा असलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण लेव्हल २ अडास आता बऱ्याच कंपन्यांच्या टॉप व्हेरियंटमध्ये मिळतं आणि मी लिहितोय ते थोड्याफार फरकानं त्या सगळ्यांना लागू आहे. शोरूमवाले डेमो देतात तो पट्टे नीट मारलेल्या हायवेवर, दिवसाउजेडी. आपल्या रस्त्यावर, आपल्या रहदारीत हे प्रकरण कसं वागतं, ते घेण्याआधी मला कुणीच सांगितलं नव्हतं.

लेव्हल २ म्हणजे गाडी आपोआप चालत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. माझ्या गाडीत काचेमागचा कॅमेरा आणि पुढचा रडार मिळून पुढच्या वाहनाशी अंतर राखतात, गाडी पट्ट्यांच्या मधे ठेवतात आणि वेळ आली तर ब्रेक लावतात. हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर तुमचीच लागते.

सगळ्यात जास्त आवडला तो अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या वाहनाशी अंतर राखत वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं तर पुढं ४४ मीटर मोकळे हवेत. एवढं अंतर आपल्याकडं कोण ठेवतं? तावडे हॉटेलच्या चौकातून हायवेला लागून कागलकडं निघालं की त्या मोकळ्या जागेत आधी एक पिकअप घुसतो, मग कर्नाटकची एसटी, मग डावीकडून एखादी बाइक. प्रत्येक वेळी गाडी शांतपणे वेग कमी करते आणि पुन्हा अंतर तयार करते. सुरुवातीला घरचे म्हणायचे, सगळे पुढं निघालेत, तू काय करतोयस? पण निपाणीला पोचायला फरक पडतो तो जेमतेम दोन-चार मिनिटांचा, आणि उतरताना मान-खांदे मोकळे असतात. पुढच्याच्या बंपरला नाक लावायची सवय हे आपल्या हायवेवरचं सगळ्यात वाईट वळण आहे असं माझं ठाम मत आहे.

लेन असिस्टचं मात्र सहापदरीकरणाच्या कामापुढं काही चालत नाही. डायव्हर्जन आलं, जुने पट्टे अर्धवट पुसलेले आणि नवे मारलेलेच नाहीत, की तो कधी बंद पडतो, तर कधी जुन्या पट्ट्याच्या मागं लागून स्टिअरिंग ओढतो. अशा ठिकाणी मी तो बटणानं बंदच ठेवतो. पण चांगल्या रस्त्यावर त्यानं एक मोठं काम केलं. इंडिकेटर न देता लेन बदलायला गेलं की स्टिअरिंग विरोध करतं, दिला की सोडून देतं. आमच्या घरात चौघं ही गाडी चालवतात आणि चौघांचाही हात आता आपसूक इंडिकेटरकडं जातो.

आता खरा विषय, उसाचा.

फुलेवाडी सोडली की गगनबावडा रस्त्याला हंगामात बैलगाड्या, अंगद (ट्रॅक्टरला जोडायच्या लहान गाड्या) आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर यांची रांग असते. कुडित्र्याच्या अलीकडं-पलीकडं तर रात्रभर. ट्रॉलीला टेललाइटचं वायरिंग बहुधा नसतंच. रेडियम असतं ते मागच्या फळीवर, आणि भरलेला ऊस त्या फळीच्या हात-दीड हात बाहेर येऊन ते झाकून टाकतो. मागून जाणाऱ्याला दिसतो फक्त एक काळपट ढीग. कॅमेऱ्याला वाहन ओळखायचं शिकवलेलं असतं ते कार, ट्रक, बाइकच्या आकारावरून. हा ढीग त्यात बसत नाही. चालत्या ट्रॉलीला माझ्या गाडीनं कधी लांबून ओळखलं, कधी अगदी जवळ गेल्यावर. पंक्चर होऊन रस्त्यात उभ्या राहिलेल्या ट्रॉलीवर तर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. वेगात असताना उभी वस्तू ओळखण्यात या यंत्रणा कच्च्या असतात, मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पान वाचा.

ऑटो हाय बीमचंही तसंच. समोर गाडीचे दिवे दिसले तर तो झटकन लाइट पाडतो. पण बैलगाडीला दिवाच नसतो, त्यामुळं अप्पर थेट बैलांच्या डोळ्यांवर. बैल बुजतात, गाडीवान कासरा आवळत उभा राहतो. म्हणून या रस्त्यावर लाइट मी हातानंच पाडतो. आणि डिपरवर असताना ६० च्या वर जात नाही. डिपरचा उजेड पोचतो साधारण ४०-५० मीटर. ८० ला कोरड्या रस्त्यावरसुद्धा थांबायला ५५-६० मीटर लागतात. ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. साध्या रिफ्लेक्टरच्या हेडलाइटमध्ये बाजारातला पांढराफट्ट एलईडी बल्ब बसवून समोरच्याला आंधळं करणाऱ्यांनी एकदा रात्री या रस्त्यानं स्वतः समोरून येऊन बघावं.

मी डिकीत लाल-पांढऱ्या रेडियमचा रोल, जुनं पोतं आणि सुतळी ठेवतो. कळ्याच्या पुढं चहाला थांबलो असताना एका ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "मामा, मागं रेडियम लावू का?"

"लावा की पाव्हणं. कारखान्यानं दिलेलं हाय, पर उसाखाली गेलंय."

पोत्यावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या आणि पोतं उसाच्या टोकांना बाहेरून बांधलं. मग गाडी मागं नेऊन डिपर टाकला, तर पट्ट्या बऱ्याच लांबून लखलखल्या. माझ्या गाडीतल्या रडारची किंमत हजारोंत, या पट्ट्यांची किरकोळ; पण या रस्त्यावर जीव वाचवायची ताकद पट्ट्यांची जास्त आहे. कारखान्यांनी ट्रॉली वजनकाट्यावर घेण्याआधीच भरलेल्या उसावर बाहेरून रेडियमचं कापड बांधलंय की नाही, हे बघायला हवं.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. गगनबावड्याच्या पावसात आणि धुक्यात कॅमेरा हात टेकतो, "सेन्सर ब्लॉक" असा मेसेज येतो. चिखलानं रडारचं कव्हर माखलं तरी तेच. ओल्या मऊ फडक्यानं पुसलं की चालू. करूळ किंवा भुईबावडा घाटात मी सगळं बंद करून, लो गिअर घालून उतरतो. रस्ता अरुंद असेल तिथं चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे, आणि तो पर्यटकांच्या गाड्या सर्रास मोडतात.

गावात, म्हणजे महाद्वार रोड, बिंदू चौक, शाहूपुरी इथं अडासचा उपयोग जवळजवळ शून्य. रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाची सूचना तेवढी राजारामपुरीच्या गल्ल्यांत रोज कामाला येते.

महिन्यातून चार वेळा पुणे-बेळगाव करणार असाल तर अडासला पैसे घाला. गाडी बहुतेक शहरात आणि गगनबावडा, राधानगरीकडं फिरणार असेल तर खालचं व्हेरियंट घ्या. सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) आणि चांगले हेडलाइट आहेत का ते बघा, उरलेल्या पैशांत उत्तम टायर टाका. टेस्ट ड्राइव्ह रात्री मागा. आणि पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळवणी, पुन्हा करावं लागतं, त्याचा खर्च विम्यात धरतात का, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या. डंपरच्या मागं उडणारे खडे या भागात कमी नाहीत.