आयएलओस्टॅट : वहिनीच्या दोन म्हशी कुठल्या रकान्यात?

बारावीला अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे देशोदेशींचे रोजगाराचे आकडे मला सतत लागतात. त्यासाठी दोन वर्षं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची आयएलओस्टॅट ही वेबसाइट वापरतेय. पैसे पडत नाहीत, तक्ते एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. भाषा मात्र इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश एवढ्याच.

सगळ्यात जास्त उघडते तो कामाच्या दर्जाचा तक्ता : नोकरदार किती, मालक किती, एकट्याने धंदा करणारे किती, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे किती. हे रकाने १९९३च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले. रकान्यांची नावं सगळ्या देशांना सारखी, पण त्यात कोणाला बसवायचं हे ज्याचं त्याचं सर्वेक्षण ठरवतं.

कराडजवळच्या आमच्या गावी वहिनी दोन म्हशी सांभाळते. वैरणकाडी भाऊ बघतो, धारा तिच्याकडे. पहाटे पाचला आधी रेडकू सोडायचं, म्हैस पान्हवली की ते बाजूला बांधून कासेखाली बसायचं. सकाळी तास, संध्याकाळी तास. डेअरीचं खातं भावाच्या नावावर. विचारलं तर म्हणते, "मी कुठं काम करते वन्सं, घरीच असते की."

आपल्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे भारत सरकारच्या रोजगाराच्या सर्वेक्षणात, ती घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस, कोड २१. तिथल्या साप्ताहिक मोजणीत सात दिवसांत एकदा तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. अमेरिकेच्या मासिक सर्वेक्षणात मात्र अशा बिनपगारी माणसाचे आठवड्याला निदान १५ तास भरावे लागतात. वहिनीचे १४ होतात. ती तिथे रोजगारात नाहीच! आणि दूध फक्त घरात खायला असतं तर? आपण तेही काम धरतो; २०१३च्या आंतरराष्ट्रीय ठरावानुसार ते रोजगाराबाहेर जातं. या साइटवर जुन्या आणि २०१३च्या व्याख्येचे आकडे वेगवेगळ्या संचांत ठेवलेत, एकत्र कालवलेले नाहीत. मला ही साइट आवडते ती यासाठी.

एक गोष्ट खटकते. आपल्या २०२३-२४च्या पीएलएफएसमध्ये स्वयंरोजगारी ५८.४ टक्के, नियमित पगारी २१.७ आणि रोजंदार १९.८. आंतरराष्ट्रीय तक्त्यात शेवटचे दोन्ही गट 'नोकरदार' या एकाच ओळीत येतात. भांगलायला रोजाने जाणारी बाई आणि माझ्यासारखी पगारी शिक्षिका एका ओळीत. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तो तक्ता बघून भारतात चाळीसेक टक्के लोक पगारदार, असं वहीत लिहिलं. चूक माझी, रकान्याचा अर्थ मी आधी फोडून सांगितला नव्हता. आता भारताचा आकडा घेताना पीएलएफएसचा अहवाल शेजारी उघडा ठेवते.

२०१८मध्ये नवं वर्गीकरण मंजूर झालं. त्यात एकाच कंपनीवर विसंबून धंदा करणाऱ्यांचा वेगळा गट आहे. ॲपवरून जेवण पोहोचवणारी पोरं देशोदेशी कुठे बसतात, हे त्यातून कळावं अशी मला फार आस आहे.

पाचपैकी चार तारे. शिक्षकांनी आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी जरूर वापरावी. आकडा उतरवताना तक्त्याखालची टीप आणि सर्वेक्षणाचं नावही त्याच पानावर उतरवून घ्या.