न्यूरोसायकॉलॉजी शिकायची आहे: परदेशात एक वर्ष की इथल्या वॉर्डात दोन?

मानसशास्त्रात एम.ए. झालंय, पक्षाघात, अपस्मार, डिमेन्शिया, डोक्याला मार लागलेले रुग्ण यांच्यातच काम करायचं हेही ठरलंय, आणि आता पुढे काय, असा प्रश्न घेऊन बरेच जण फोन करतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. ब्रिटनमध्ये न्यूरोसायकॉलॉजीचं, म्हणजे मेंदू आणि वागणं यांच्या संबंधाचं, एक वर्षाचं एम.एस्सी. करावं, की बंगळुरूची निम्हान्स किंवा पुण्यातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी दोन वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजी करून त्यातून न्यूरोकडे वळावं? मला दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. मी इथे राहिलो. माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण तिकडे गेली. आम्ही अजूनही एकमेकांशी केसेसवर तासन्‌तास बोलतो, त्यामुळे तिकडची बाजू मला बरीचशी तिच्याकडून कळलेली आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

फी, आयईएलटीएस, प्रवेश परीक्षा यांची माहिती तुम्ही काढली असेलच. फक्त एक गोष्ट नीट बघा. इथला दोन वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे आजवर एम.फिल. होतं. यूजीसीने २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केलं आणि नंतर क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. त्यामुळे तुम्ही अर्ज कराल तेव्हा अभ्यासक्रमाचं नाव वेगळं असू शकेल. नाव कोणतंही असो, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद, जिच्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी होते) मान्यता आहे का आणि शिक्षण रुग्णालयात होतं का, एवढं बघितलं की पुरे.

आधी तिकडचं चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. मेंदूची रचना, एमआरआय वाचणं, संशोधनाची पद्धत या गोष्टी मैत्रीण एका वर्षात जितक्या पक्क्या शिकली तितक्या मी दोन वर्षांत शिकलो नाही. इथल्या अभ्यासक्रमात न्यूरो हा अनेकांतला एक भाग. स्किझोफ्रेनिया, व्यसनं, मुलांचे प्रश्न, मानसोपचार या सगळ्यातून वेळ काढून तो शिकायचा असतो. उपचारांच्या बाबतीत तर ब्रिटन फार पुढे आहे. बार्बरा विल्सन यांनी १९९६ मध्ये केंब्रिजजवळच्या एलीमध्ये ऑलिव्हर झँगविल केंद्र सुरू केलं. स्मृती गेलेल्या माणसाला वही, गजर, पेजर यांच्या आधाराने दिवस कसा उभा करून द्यायचा, हे त्या परंपरेत वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झालेलं आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मूल्यमापन करून अहवाल दिला की काम संपतं. रुग्णाची मुलगी विचारते, ‘मग आता घरी काय करायचं?’ आणि तिला द्यायला आपल्याकडे फारसं काही नसतं. हे मला आजही बोचतं.

नोंदणीचा मुद्दा सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. नुसत्या एम.एस्सी.वर तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी तीन वर्षांची डॉक्टरेट आणि एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, न्यूरोसायकॉलॉजीची व्यावसायिक पात्रता त्याच्याही पुढची. परत आल्यावर इथेही आरसीआयचा नंबर आपोआप मिळत नाही. मुद्दा मोठाच आहे, पण माझा निर्णय त्यावर झाला नाही.

झाला तो चित्रांच्या एका चाचणीवर.

एम.ए.नंतर मी एका खासगी रुग्णालयात सहायक म्हणून काम करत होतो. तिथे नाव आठवण्याच्या अडचणीसाठी, म्हणजे वस्तू ओळखते पण तिचं नाव सापडत नाही त्यासाठी, बोस्टन नेमिंग टेस्ट वापरत. साठ चित्रं, सोप्याकडून अवघडाकडे, आणि ओळीने ठरावीक चुका झाल्या की थांबायचं. फलटणकडचे एक शेतकरी पक्षाघातानंतर आले होते. बोलणं अडखळत होतं, पण समज चांगली होती. प्रेटझेल दाखवलं, ते गप्प. बीव्हर दाखवला, म्हणाले, ‘घूस असंल.’ इग्लू, ओकचं फळ, सगळं त्यांनी कधी न पाहिलेलं. गुण भराभर जात होते, आणि अमेरिकन मानकांशी, म्हणजे तिथल्या निरोगी लोकांच्या गुणांशी, ताडून पाहिलं असतं तर अहवालात नाव आठवण्याची क्षमता गंभीररीत्या बिघडल्याचं लिहावं लागलं असतं. चाचणी नियमाप्रमाणे थांबवल्यावर, गुणांत न धरता, मी त्यांना शेवटाकडचं एक चित्र दाखवलं. बैलाच्या मानेवरचं जू. बोस्टनच्या हिशेबात हे सगळ्यात अवघडांपैकी. त्यांनी क्षणही घेतला नाही. ‘जू,’ म्हणाले, आणि चित्राकडे वाकून, ‘पण ह्याला शिवळा कुठं हायत?’ शिवळा म्हणजे जुवाच्या खुंट्या.

त्यांना अडचण नव्हती असं नाही. होती, त्याच दुपारी घरातल्या वस्तू पुढे ठेवून केलेल्या तपासणीत ती दिसली, पण सौम्य होती. सौम्य आणि गंभीर यांत त्या घरासाठी फार अंतर असतं. मुलगा शेत वाट्याने द्यायचं म्हणत होता.

तेव्हापासून प्रत्येक चाचणी हातात घेताना तीच कटकट: हे गुण कुणाशी ताडायचे? इंग्रजीत ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायला लावतात. शाळेत न गेलेल्या आजींना ‘प’ने सुरू होणारे शब्द सांगा म्हटलं, तर शब्दाचा पहिला आवाज सुटा करण्याची सवयच त्यांना नसते. त्यांच्याकडून प्राण्यांची नावं घ्यावी लागतात. निम्हान्सच्या २००४ च्या चाचणी-संचाची मानकं वय आणि लिंगाबरोबर शिक्षणानुसारही वेगळी केलेली आहेत, निरक्षरांची वेगळी. ही गोष्ट पुस्तकात वाचताना साधी वाटते. समोर रुग्ण असताना तिच्यावर सगळं अवलंबून असतं.

मैत्रिणीच्या कोर्समध्ये या विषयावर उत्तम व्याख्यानं झाली. संस्कृती, भाषा, शिक्षण यांचा चाचण्यांवर होणारा परिणाम तिला माझ्यापेक्षा नीट मांडता येतो. पण तिच्या वर्षात रुग्णासमोर बसणं थोडं, आणि बसणं झालं तेही बहुतेक निरीक्षक म्हणून. मी तेवढ्या काळात ओपीडीत रोज बसत होतो. सूचना मराठीत, कधी दख्खनीत, कधी मोडक्या कन्नडमध्ये देत होतो. आजोबांना ऐकू कमी येतंय, की त्यांचं लक्ष उडतंय, की त्यांना सूचनाच कळली नाही, हे ओळखायला दुसरा मार्ग नाही. निदान मला तरी सापडला नाही.

इथलं काम दुय्यम दर्जाचं, अशी एक समजूत मनात असते. ती काढून टाका. सुवर्णा अल्लडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि निरक्षरांतही हा फरक टिकला. शाळा न शिकता तीन भाषा बोलणारी माणसं जिथे आहेत तिथेच हा प्रश्न असा तपासता येतो. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) स्मृती-आकलनाच्या चाचण्यांचा संच तयार केला तेव्हा सुरुवातीच्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी नव्हती. हे काम मराठीत रुग्ण तपासणाऱ्यांनाच करावं लागणार आहे.

तरीही ‘डोळे झाकून इथेच या’ असं मी म्हणणार नाही. काही विभागांत न्यूरोचे रुग्ण येतच नाहीत आणि चाचण्यांचा संच कपाटात राहतो. प्रवेश घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा: न्यूरॉलॉजी आणि न्यूरोसर्जरीकडून रुग्ण येतात का? शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासणी तुम्ही करता का? अहवाल शिक्षक तुमच्यासमोर बसून दुरुस्त करतात का? तीनही उत्तरं नाही अशी आली, तर मीही दुसरी जागा शोधेन. आणि तुम्हाला रुग्णसेवेपेक्षा संशोधनच करायचं असेल, पुढे पीएच.डी. तिकडेच करायची असेल, तर बाहेर जाणंच रास्त.

बाकीच्यांना मी, विचारलंत म्हणून, आधी वॉर्ड असं सांगेन. ब्रिटनचा कोर्स नंतरही करता येतो. नोंदणी आणि काही वर्षांचे रुग्ण पाठीशी असतील तर तिथे विचारायचे प्रश्नही तुमच्याकडे तयार असतात. मी स्वतः आता पुनर्वसन शिकण्यासाठी तिकडच्या अभ्यासक्रमांची माहिती काढतो आहे, आणि मैत्रीण इथल्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते आहे.