'इस्ट हीअ नॉख फ्राय?' : प्रश्न झकास शिकवला, उत्तरांची मात्र बोंब

जर्मनीला जायच्या आधी महिनाभर एक ऑडिओ कोर्स केला, पैसे भरून. नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत. चाळीसेक धडे, पण तिकडे गेल्यावर रोज उपयोगी पडला तो एकच, 'इस्ट हीअ नॉख फ्राय?' म्हणजे इथली जागा मोकळी आहे का. ट्रेन, कॅन्टीन, दवाखान्यातली वेटिंग रूम, म्युनिकचा बिअरगार्टन (उघड्यावरची बिअर प्यायची जागा), सगळीकडे हेच वाक्य. तिथे अनोळखी लोकांच्या टेबलावर बसणं एकदम नॉर्मल आहे, फक्त आधी विचारायचं, खुर्ची डोळ्यांना रिकामी दिसत असली तरी.

शिकवलंय छान, खोटं का बोलू. वाक्य मागून जोडत नेतात, आधी फ्राय, मग नॉख फ्राय, मग हीअ नॉख फ्राय, त्यामुळे जीभ अडखळत नाही. 'नॉख' मधला ख आपला नाही, घसा खाकरताना येतो तसा घासून काढायचा, आणि 'हीअ' मधला र जवळजवळ गिळायचा, हे त्या बाई इतक्या सावकाश करून दाखवतात की दोन दिवसांत जमलं. आणखी एक आवडलं, आपण शेवटी 'का' लावतो ते काम तिकडे क्रियापद पुढे आणून होतं, एवढं डोक्यात बसल्यावर बाकीचे हो-नाहीचे प्रश्न आपले आपणच बनवता येतात.

आता बोंब. उत्तरं दोनच शिकवलीत, 'या, बिटे' (हो, बसा ना) आणि 'नाइन' (नाही). खरी माणसं असं बोलतात होय? मला ट्रेनमध्ये पहिलं उत्तर मिळालं 'डा कॉम्ट नॉख येमांट', मला त्यातलं फक्त 'नॉख' कळलं, वाटलं माझंच वाक्य परत म्हणतोय म्हणजे हो, आणि बसले. अर्थ होता, इथे अजून कुणीतरी येणार आहे. ते कुणीतरी दोन मिनिटांत कॉफी घेऊन आलं.

त्याहून कहर म्हणजे त्याच धड्यात दुसरा प्रश्न दिलाय, 'इस्ट हीअ बझेत्स्ट?', जागा घेतलेली आहे का. बरोबर आहे वाक्य, पण इथे 'या' म्हणजे बसू नका आणि 'नाइन' म्हणजे बसा, सगळं उलटं! नवशिक्याला दोन्ही एकदम का द्यायचे? मी घाईत हा विचारला, समोरून 'या' आलं, मी थँक्यू म्हणून बॅग ठेवली. आता फक्त फ्रायवालाच वापरते. 'बझेत्स्ट' शब्द ओळखता आला पाहिजे मात्र, टॉयलेटच्या दारावरही तोच असतो.

बिअरगार्टनमध्ये 'श्टामटिश' अशी पाटी असलेलं टेबल नेहमीच्या मंडळींचं असतं, तिथे विचारायच्या भानगडीत पडू नका, हेही कोर्समध्ये नाही, वेटरने सांगितलं. टॉयलेटचा धडा तर अगदीच उरकलाय, 'वो इस्ट दी टॉयलेटे' (टॉयलेट कुठे आहे) पाठ करून घेतात पण दारावर नुसतं एच असेल तर पुरुषांचं (हेरेन) आणि डी असेल तर बायकांचं (दामेन) हे सांगायला विसरले, आणि एच बघून इंग्रजीतलं 'हर', म्हणजे बायकांचं, समजणारी मी एकटीच नसेन.

पाचपैकी साडेतीन. उच्चारांसाठी घ्या, उत्तरं एखाद्या तिथे राहणाऱ्याला विचारून घ्या.