सीएमएमआयचा वीकेंड क्लास, राजारामपुरी: सर भारी, स्लाईड शिळ्या

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ट्रेनिंग सेंटरला सीएमएमआयची (कंपनीची कामाची पद्धत किती पक्की आहे ते पाच लेव्हलमध्ये मोजणारं मॉडेल) वीकेंड बॅच केली, नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे.

सर पाच लेव्हल पाठ करायला लावत नाहीत हे बेस्ट. पहिली लेव्हल म्हणजे काय, तर काम होतंय पण दोन हुशार पोरं रात्र रात्र जागतात म्हणून होतंय, उद्या त्यातलं एक पुण्याला पळालं की विषय संपला (आपल्या इथल्या निम्म्या आयटी हापिसांची कुंडली हीच भावा). दुसरीत निदान त्या प्रोजेक्टपुरतं प्लॅनिंग, रिक्वायरमेंट लिहून ठेवणं, कोडची व्हर्जनं सांभाळणं सुरू होतं, तिसरीत तीच पद्धत सगळ्या कंपनीची होते आणि प्रोजेक्ट बघून थोडी बदलून घ्यायची.

चौथीला, म्हणजे काम आकड्यांत मोजून ताब्यात ठेवायच्या लेव्हलला, खरी मजा आली. शिरोलीच्या फाउंड्रीतले एक काका बसलेले, कंट्रोल चार्टची (रोजचे आकडे ठरलेल्या लिमिटमध्ये आहेत का ते दाखवणारा आलेख) स्लाईड आली तर आम्ही सॉफ्टवेअरवाले गप्प आणि काकाच सांगायला लागले की रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, रोज थोडं वर-खाली होणारच, लिमिटच्या बाहेर गेलं की मग खास काय बिघडलंय ते शोधायचं, उगं रोज पोरांवर ओरडायचं नाही. बगचं पण तसंच. नवल नाही म्हणा, ह्या लेव्हलची कल्पना मांडणाऱ्या वॉट्स हम्फ्रीनं ह्या पायऱ्या फिलिप क्रॉस्बीच्या क्वालिटी मॅनेजमेंटच्या तक्त्यावरूनच घेतल्यात. पाचवी लेव्हल (आकडे बघून पद्धत सतत सुधारत राहायची) जेवायच्या आधी दहा मिनिटांत गुंडाळली, चालतंय, तिथं पोचणार कोण आहे.

आता तक्रार. स्लाईड सीएमएमआयच्या 2010 च्या 1.3 व्हर्जनच्या. मधे 2018 ला 2.0 आलं, 2023 ला 3.0 आलं, आणि इथं अजून स्कॅम्पी अप्रेझलच (लेव्हल ठरवायच्या तपासणीची जुनी पद्धत) चाललंय. त्यात ब्रोशरवर छापलंय 'लेव्हल 3 सर्टिफाईड व्हा'. अहो लेव्हल माणसाला मिळत नाही, कंपनीच्या ज्या भागाचं अप्रेझल झालं त्याला मिळते, ती पण तीन वर्षांपुरती. सीएमएमआय ज्यांच्याकडे आहे त्या आयसाका संस्थेची माणसांसाठीची परीक्षा वेगळी असते. विचारलं तर सर हसले, म्हणाले मालकांना विचारा. मालक फोन उचलत नाहीत.

पंधरा-वीस जणांची कंपनी चालवत असाल तर जावा, क्लायंटचे बदल व्हॉट्सॲपवर तोंडी घेणं बंद झालं तरी फी वसूल. रिझ्युमेत लेव्हल टाकायला जाणार असाल तर पैसे ठेवा खिशात. पार्किंग नाही, आणि मागच्या बाकावर एसी पोचत नाही.