‘द इव्होल्यूशन ऑफ ट्रस्ट’: खेळ उत्तम, पण त्यात माणसे नाहीत

निकी केस यांनी २०१७ मध्ये तयार केलेला हा खेळ ब्राउझरमध्ये विनामूल्य खेळता येतो आणि अर्ध्या तासात संपतो. पहिल्या महायुद्धातील १९१४ च्या नाताळी दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी आपखुशीने केलेल्या युद्धविरामापासून तो सुरू होतो आणि लगेच आपल्याला एका यंत्रापुढे उभे करतो. त्यात मी एक नाणे टाकले तर समोरच्याला तीन मिळतात, त्याने टाकले तर मला तीन. दोघांनी सहकार्य केले तर दोघांचाही फायदा, पण प्रत्येकाला एकट्याने दगा देण्यातच जास्त लाभ दिसतो, हा ‘कैद्यांचा पेच’ याहून सोप्या रीतीने मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

पुढे ‘जशास तसे’ वागणारा, सदैव फसवणारा, सदैव विश्वास ठेवणारा, डूख धरणारा अशी पात्रे भेटतात आणि त्यांच्या स्पर्धा लागतात. यातला सर्वांत कसदार भाग चुकांचा आहे. हात घसरून एखादी चाल चुकली की ‘जशास तसे’ वागणारे दोघे एकमेकांवर सूड उगवत राहतात, आणि मग सलग दोनदा फसवले गेल्यावरच उलटणारे सोशिक पात्र का टिकते, हे चुकांचे प्रमाण स्वतः कमीजास्त करून पाहता येते. शब्दांत हे समजावताना माझी तरी नेहमी दमछाक होते.

माझी तक्रार वेगळी आहे. येथे खेळतात ती ठरलेल्या नियमांनी चालणारी पात्रे. प्रयोगशाळेतली माणसे अशी वागत नाहीत. १९५० मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेत हाच पेच दोन जाणकारांना सलग १०० वेळा खेळायला लावला, तेव्हा शुद्ध तर्काने प्रत्येक वेळी दगा अपेक्षित असूनही दोघांनी ६० फेऱ्यांत एकत्र सहकार्य केले. अर्थतज्ज्ञ फेर आणि गेख्टर यांच्या २००० सालच्या सामाईक निधीच्या प्रयोगात (प्रत्येकाने वर्गणी द्यायची आणि निधीचा लाभ सर्वांना सारखा मिळायचा) चौघांच्या गटातील वर्गणी फेरीगणिक घसरत गेली, मात्र वर्गणी न देता लाभ घेणाऱ्या फुकट्यांना स्वतःच्या पदरचे पैसे खर्चून दंड करण्याची सोय मिळताच ती वर चढली. पदरमोड करून शिक्षा देणारा हा माणूस केस यांच्या पात्रांत कुठेच नाही, आणि ही उणीव मला मोठी वाटते.

वर्गात वापरणाऱ्या शिक्षकांनी म्हणून आधी विद्यार्थ्यांना चिठ्ठ्यांवर दहा फेऱ्या खेळायला लावाव्यात, निकाल फळ्यावर लिहावेत आणि मगच हा खेळ उघडावा. खेळाचा कोड सर्वांसाठी खुला असल्याने दंडाचे बटण जोडण्याचे काम कोणी हौशी प्रोग्रॅमरही हाती घेऊ शकेल.