भरतकामाचं किट, वर्षभर वापरून (अमळनेरहून)

मागच्या आषाढात ऑनलाईन एक भरतकामाचं किट मागवलं होतं, ४९९ रुपयांचं, आता त्याला वर्ष होत आलं म्हणून लिहिते. घेताना मी पण रिव्ह्यू वाचूनच घेतलं होतं पण ते सगळे पार्सल उघडल्या दिवशी लिहिलेले, रंग किती छान, पॅकिंग किती छान, आणि धुतल्यावर काय होतं ते कुणीच लिहिलं नव्हतं. ते मी लिहिते.

डब्यात ५० रंगांच्या लडी, तीन मापांच्या बांबूच्या रिंगा, सुया, पाण्याने जाणारं निळं पेन, छोटी कात्री, थोडं अइदा कापड (चौकोन मोजून भरायचं जाळीदार विणीचं) आणि छापील नमुने.

आधी चांगलं सांगते. रिंगा खरंच चांगल्या आहेत. स्क्रू अजून घट्ट बसतो, बांबूला कुठे कुसळ निघालं नाही. फक्त आतल्या रिंगला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून घ्या, म्हणजे कापड सरकत नाही आणि ढोलासारखं ताणून बसतं, आणि काम थांबवलं की कापड रिंगमधून काढून ठेवायचं, रात्रभर तसंच राहिलं तर गोल वळ पडतो आणि तो मग इस्त्रीनेही लवकर जात नाही.

आता दोरा. श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, सोमवारी विसर्जन. चौरंगावर टाकायला पांढऱ्या कापडावर लाल-पिवळी वेल भरली, सगळी साखळी टाक्यात, मधे लेझी डेझीची फुलं. बारा दिवस रोज दुपारी बसून केली. शनिवारी संध्याकाळी रोटांची (कानबाईच्या नैवेद्याची) तयारी चालू होती, दळण बाजूला काढून ठेवलं होतं, आणि मी म्हटलं पेनच्या खुणा घालवायला एकदा पाण्यातून काढते. बादलीत टाकलं आणि लाल रंग सुटला, पाणी गुलाबी, कापडावर वेलीच्या दोन्ही बाजूंनी गुलाबी सावली. मला रडूच आलं. सासूबाईंनी ते हातातून घेतलं आणि वाळू दिलंच नाही, रात्रभर थंड पाण्यात ठेवलं, थोडी साबण पावडर, दर तासाला पाणी बदल. सकाळी नव्वद टक्के डाग गेला होता, एका कोपऱ्यात राहिला तो अजून आहे. तेच कापड कानबाईखाली टाकलं. रंग सुटला की कापड वाळू द्यायचं नाही आणि गरम पाणी तर लावायचंच नाही, हे मला त्या रात्री कळलं.

त्यानंतर मी प्रत्येक लडीची परीक्षा घेतली. ओल्या पांढऱ्या फडक्यात दोरा दाबून ठेवायचा, पाच मिनिटांनी बघायचं. लाल, मरून आणि गडद निळा तिन्ही सुटले, बाकी ठीक. आणि ज्या लडी फार चकाकत होत्या त्यांचं एक टोक जाळून बघितलं तर वितळून कडक मणी झाला, म्हणजे तो सुती नव्हेच, पॉलिस्टर. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. त्या चकाकणाऱ्या लडींचा गुंता पण जास्त होतो, त्या मी राखीला वापरून टाकल्या. गडद रंग आता मी गावातल्या लेस-बटणवाल्याकडून अँकर कंपनीचे घेते, ८ मीटरचा ६ पदरी दोरा, पट्टीवर शेड नंबर असतो त्यामुळे संपला तर तोच रंग परत मिळतो. किटच्या लडींवर नंबरच नाही, अर्ध्या फुलात दोरा संपला तर काय करायचं?

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीत भुलाबाई, मुलींचा गाण्यांचा सण. मुली गाणी म्हणून झाली की खाऊ ओळखायला डबा वाजवतात, तर त्या डब्यावर टाकायला छोटे छोटे रुमाल केले. हे काम अगदी नवशिक्यासाठी बेस्ट, मोठं अइदा कापड, चौकोन मोजत जायचं, १४ काउंट म्हणजे इंचाला १४ चौकोन. नववीतल्या पुतणीने पण दोन केले.

खरी मजा हिवाळ्यात आली. किटच्या छापील नमुन्यात भाज्यांचं एक पान आहे, त्यात वांगं जांभळं. मी ते रिंगवर लावून बसले होते, सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हाई काय वांगं शे का व? आपलं वांगं ते हिरवं ऱ्हास." खरंच की. आपलं भरिताचं वांगं हिरवं, मोठं, वर पांढरट रेषा. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि माझ्या रिंगमध्ये मात्र जांभळं. काढून टाकलं सगळं.

पण त्या हिरव्याची शेड किटमध्ये नाहीच. मग पदर वेगळे केले, दोन पदर पोपटी आणि एक पदर पांढरा असे एकाच सुईत ओवले, आणि लांब-आखूड टाक्याने वरून खाली भरत गेले, देठाजवळ पोपटी जास्त, खाली पांढरा जास्त. इतकं हुबेहूब आलं की मीच बघत बसले. पदर काढताना एकेक वर ओढायचा, दोन-तीन एकदम ओढले की गाठ बसते. आणि दोरा हातभरच घ्यायचा, बोटांपासून कोपरापर्यंत, लांब घेतला तर तो कापडातून ये-जा करून विरतो.

त्याच आठवड्यात बामणोद गावाकडची वांगी आली होती. मळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडगीत ठेचली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येतच नाही, मी दोन्ही करून बघितलंय. त्या वांग्याच्या रुमालाला भरिताच्या तेलाचा डाग पडला, तो मी काढला नाही.

उन्हाळ्यात भरतकाम जवळजवळ बंद. आमच्याकडे ४४-४५ पारा, हाताला घाम, हलक्या रंगाचा दोरा लगेच मळतो. शिवाय चैत्रात वाळवण, उडदाचे पापड, कुरडया, आणि ज्वारीचे बिबडे, पहाटे चारला घाटा शिजवायला बसायचं आणि ऊन चढायच्या आत धोतरावर थापून मोकळं व्हायचं. त्यात तेलाचे हात. मी एवढंच केलं की दुपारी फॅनखाली बसून धावदोऱ्याने जुन्या साड्यांची गोधडी घातली, त्याला किटमधली सगळ्यात जाड सुई चालली. सुयांना चार मार्क, एक सुद्धा गंजली नाही, पण मी त्या काडेपेटीत तांदळाच्या चार दाण्यांबरोबर ठेवते.

निळ्या पेनाबद्दल एक धोका सांगायचा राहिला. खुणा धुवायच्या आधी इस्त्री फिरवू नका. उष्णतेने तो रंग पक्का होतो. माझ्या एका उशीच्या अभ्र्यावर पानांच्या बाजूने निळी रेघ कायमची आहे. आधी साध्या पाण्यातून काढा, सुकू द्या, मग जाड टॉवेलवर भरत खाली करून उलट्या बाजूने इस्त्री.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक येणार म्हणून चैत्र संपता संपता परत रिंग काढली. आमच्याकडे आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस, ती पोळी हातावर फिरवत फिरवत हातभर होते, नेहमीचं रुमालाएवढं फडकं मांड्यांच्या टोपल्यावर टाकायला पुरतच नाही. म्हणून सव्वा मीटर खादीचं कापड घेतलं, चारी कडांना काजटाका, कोपऱ्यात कैरी, दुसऱ्या कोपऱ्यात कडुलिंबाच्या झाडाला बांधलेला झोका, त्याच्या दोऱ्या दांडीटाक्याने. सगळा दोरा आधी तपासून घेतलेला. मांड्यांची वाफ लागली, रसाचे थेंब पडले, दोनदा धुतलं, एक ठिपका रंग सुटला नाही.

तर माझे मार्क असे. रिंगा पाचपैकी पाच. सुया चार. कात्री साडेतीन, दोरा कापते, कापड नाही. हलक्या रंगांचा दोरा चार, गडद रंगांचा एक. नमुन्यांचं पान दोन, कारण त्यात आपल्याकडचं काहीच नाही, ना केळीचा घड ना कपाशीचं बोंड. शिकायला घेत असाल तर घ्या. पण लाल, मरून, निळा बाहेरून घ्या, आणि देवाच्या किंवा कुणाला द्यायच्या कापडाला हात लावायच्या आधी ओल्या फडक्याची परीक्षा करा.

ते मांड्यांचं फडकं लेक धुळ्याला घेऊन गेली. सध्या रिंगवर कपाशीचं बोंड आहे, पांढऱ्या फ्रेंच नॉटने भरतेय, तीन पदर, सुईला दोन वेढे.