टाकीपासून नोजलपर्यंत : उद्यमनगरातील एका डिझेल पंप दुकानाचे काम

कोल्हापुरात गाडीच्या इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारे नोजल यांची कामे करणारी दुकाने शोधत हिंडावे लागत नाही. लेथ, फाउंड्री आणि ऑइल इंजिन यांवर वाढलेल्या शिवाजी उद्यमनगरात कोणत्याही गल्लीत शिरले तरी पंप खोलून बसलेला कोणी ना कोणी दिसतोच. दुर्मीळ आहे ते पंप हाती घेण्याआधी टाकी उतरवायला लावणारे दुकान. आमच्या घरच्या जुन्या पिकअपच्या संपूर्ण डिझेल यंत्रणेचे काम अशाच एका दुकानाने केले, आणि ते काम मला सविस्तर लिहिण्याजोगे वाटते. दुकानाचे नाव मात्र लिहिता येत नाही, कारण ‘आहे तेच काम आवरत नाही, आणखी गर्दी पाठवू नका,’ असे मालकांनीच बजावले आहे.

गाडी २००१ सालची आहे. डायरेक्ट इंजेक्शनचे चार सिलिंडरचे इंजिन, टर्बो नाही, आणि डिझेलसाठी इनलाइन पद्धतीचा यांत्रिक मायको पंप. (कंपनीचे नाव २००८ मध्येच बॉश झाले, उद्यमनगरात पंप अजूनही मायकोचाच आहे.) हंगामात गुऱ्हाळावरून गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात पोहोचवणे एवढेच तिचे काम, आणि एरवी ती शेडमध्ये अर्ध्या टाकीवर उभी असते. मागच्या पावसाळ्यानंतर तिने दोन खोडी सुरू केल्या. सकाळी हँड पंप (हाताने डिझेल ओढून घेण्याची छोटी दट्ट्या) मारल्याशिवाय इंजिन लागेना, आणि भरल्या गाडीने पन्हाळ्याच्या चढाला लागले की दम तुटून ती बंद पडू लागली. दहा-पंधरा मिनिटे उभी ठेवली की जणू काही झालेच नव्हते अशी पुन्हा सुरू होई.

उद्यमनगरात येण्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये तिला नवे नोजल बसवले होते आणि ‘पिकअप नाही’ या तक्रारीवर नेहमीचा इलाज म्हणून पंपाचा जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून दिले होते. सपाट रस्त्यावर फरक जाणवला, मात्र चढावरचे बंद पडणे तसेच राहिले आणि वर काळा धूर सुरू झाला.

या दुकानातील मिस्त्रींनी पाना हातात घेण्यापूर्वी बरेच प्रश्न विचारले. गाडी गरम झाल्यावर बंद पडते की वजन पडल्यावर, बंद पडताना धूर काळा येतो की पांढरा, आणि थांबल्यावर हँड पंप कडक लागतो की नुसताच फिरतो, हे त्यांना हवे होते. मग त्यांनी टाकीकडून येणारी नळी फीड पंपापासून, म्हणजे टाकीतले डिझेल मुख्य पंपाकडे ओढणाऱ्या छोट्या पंपापासून, सोडवली, स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन केबिनमागे बांधला, पारदर्शक नळीने तो थेट फीड पंपाला जोडला आणि वजन टाकलेली गाडी स्वतः चढाला नेली. गाडी एकदाही अडखळली नाही. पंप आणि नोजल यांचे दोष वेगळे असतील ते असोत, परंतु गाडी बंद पाडणारा दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये आहे, हे अशा रीतीने एक रुपयाचाही भाग न बदलता सिद्ध झाले. सपाटीवर इंजिनाला डिझेल थोडे लागते, म्हणून टाकीतून डिझेल ओढणाऱ्या वाटेवरची अर्धवट तुंबलेली जाळीही खपून जाते. चढावर मागणी वाढली की ओढ वाढते, गाळ जाळीला चिकटतो आणि पुरवठा तुटतो. इंजिन थांबले की ओढ संपते आणि गाळ पुन्हा तळाला बसतो. दहा मिनिटांच्या विश्रांतीमागचे कारण एवढेच होते.

टाकी उतरवून तिच्यातील डिझेल पांढऱ्या बादलीत ओतले तेव्हा आधी बरे दिसणारे डिझेल आले, नंतर चहासारखे गढूळ, आणि शेवटी तळाशी पाण्याचा वेगळा थर व त्यावर बुळबुळीत काळपट साय. ‘ह्यात डिझेल कमी आन् गंज जास्त हाय,’ एवढाच शेरा मिस्त्रींनी मारला. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होते, ते जड असल्याने तळाला साचते आणि पत्रा खालून गंजू लागतो. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात, ती साय त्यांचीच असते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला यातले काहीच चुकत नाही, त्यामुळे पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवा हा त्यांचा पहिला सल्ला होता.

टाकी साफ करण्याचे काम ते शेजारच्या रेडिएटरवाल्याकडून आणि स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतात. आत साखळीचे तुकडे आणि पाणी घालून टाकी बराच वेळ हलवली जाते, नंतर फॉस्फोरिक ॲसिडवर आधारलेले गंज काढणारे द्रावण, मग धुणे, आणि लगेच गरम हवेने वाळवणे, कारण उघडा झालेला पत्रा ओला राहिला तर संध्याकाळपर्यंत पुन्हा लालसर होतो. एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी दोन भोके निघाली. ती बुजवण्याआधी टाकीतून वाफ सोडून आतला डिझेलचा वास पूर्ण घालवला गेला. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते आणि ज्योत लावण्याची घाई करणाऱ्याकडे टाकी देऊच नये, हे इथे कोणाला सांगावे लागले नाही. आतून इपॉक्सीचा लेप द्यावा का, असे मी विचारले. त्यांनी नकार दिला आणि कारणही दिले : पत्रा कणभर जरी तेलकट राहिला तरी लेपाचे पापुद्रे सुटतात, आणि गंजाने तुंबणारी जाळी मग पापुद्र्यांनी तुंबते.

नळ्यांच्या बाबतीतही त्यांचे मत ठाम आहे. वाकवायला सोपी म्हणून अनेक जण तांब्याची नळी टाकतात. तांब्याच्या संपर्कात डिझेल लवकर खराब होते, म्हणून त्यांनी टाकीपासून फीड पंपापर्यंत स्टीलची नवी नळी वाकवून बसवली. रबराचे सर्व तुकडे, नळ्या जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालचे कॉपर वॉशर आणि दोन्ही फिल्टर बदलले. सकाळी इंजिन न लागण्याचे कारण फीड पंपाच्या जुन्या सीलमध्ये होते, तेथून रात्रभर हवा शिरत होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक फक्त १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दहा) असते, त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० होते, आणि ही गाडी नवी असताना तर याच्या कैक पट. गंधक कमी करण्याच्या प्रक्रियेत डिझेलची घडणही बदलते, आणि वर्षानुवर्षे जुन्या डिझेलात फुगून बसलेले जुन्या रबराचे सील नव्या डिझेलात आकसून गळू लागतात. म्हणून सर्वत्र व्हायटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे सील घातले. नव्या डिझेलात वंगणच नसते, सबब प्रत्येक टाकीला ऑइल घाला, ही गॅरेजांतून ऐकू येणारी शिफारस मात्र त्यांनी मोडीत काढली, कारण वंगणाचे द्रव्य रिफायनरीतच मिसळलेले असते.

एवढे झाल्यावरच पंप उघडला गेला. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबणारा स्वतंत्र एलिमेंट असतो आणि त्याच्या प्लंजर (दट्ट्या) व बॅरल (नळकांडे) यांमधील फट दोन-तीन मायक्रॉनची असते, त्यामुळे फिल्टरमधून निसटलेला गंजाचा सर्वांत बारीक कणही तिथे सँडपेपरचे काम करतो. आमच्या चारपैकी दोन प्लंजरवर डिझेल कापणाऱ्या कडेजवळ मळकट उभे ओरखडे होते. मालकांनी ते खिडकीच्या उजेडात धरून, नख फिरवून दाखवले आणि उरलेले दोन बदलण्याची गरज नाही असेही सांगितले. नंतर पंप टेस्ट बेंचवर चढला. चारही नळ्यांतून काचेच्या मोजपात्रांत पडणारे डिझेल सुरुवातीला उघड्या डोळ्यांना असमान दिसत होते. प्रत्येक एलिमेंटचे माप ठरवणारी कंट्रोल स्लीव्ह किंचित फिरवत, पुन्हा बेंच चालवत, पातळ्या एका रेषेत येईपर्यंत कारागीर हलला नाही. गॅरेजमध्ये वाढवलेले डिझेल मूळ मापावर आणले गेले.

नोजल हँड टेस्टरवर तपासण्याचा भाग ग्राहकाने उभे राहून पाहावा असा आहे. दांडा दाबला की दाबाचा काटा दोनशे बारच्या पुढे जातो, सुई कर्रकन उघडते आणि प्रत्येक छिद्रातून धुक्याचा वेगळा फवारा निघतो. आमच्या नव्या म्हणवणाऱ्या नोजलपैकी एकाचे एक छिद्र धुक्याऐवजी सरळ धार सोडत होते, आणि दुसऱ्याच्या टोकाला दाब सोडल्यावर डिझेलचा थेंब लोंबत राहिला. दाब उतरल्यावर टोक कोरडे हवे. हे दोन बदलले, बाकीच्यांचा उघडण्याचा दाब शिम (पातळ चकत्या) घालून सारखा केला.

आता गाडी सकाळी पहिल्या सेल्फला लागते, पन्हाळ्याचा चढ भरल्या वजनाने न थांबता चढते, आणि वार्षिक पासिंगआधीच्या पीयूसीत तिचा धूर या पिढीच्या डिझेल गाड्यांसाठी असलेल्या ६५ एचएसयूच्या (धुराचा दाटपणा मोजण्याचे एकक) मर्यादेच्या बराच खाली आला. जोर मात्र वाढलेला नाही. जुन्या गाडीत नवे बळ आणण्याच्या अपेक्षेने कोणी इथे जाऊ नये. कारखान्यातून निघताना होते तेवढेच परत मिळते.

तक्रारीही आहेत. सांगितलेल्या मुदतीच्या दुप्पट वेळ लागला, आणि फीड पंपाचे किट पुण्याहून यायचे आहे हे मी फोन केल्यावरच समजले. गुळाच्या हंगामात असे झाले असते तर भाड्याची गाडी लावावी लागली असती. बेंचवरचे आकडे वहीच्या फाटक्या पानावर मिळाले, छापील अहवाल मागूनही नाही. टाकीला बाहेरून मारलेला काळा रंग स्वस्तातला आहे आणि पट्ट्यांखालचे जुने रबर तसेच ठेवले आहे. तिथे पाणी अडकून पत्रा बाहेरून गंजेल. हे काम मी आता दुसरीकडे करून घेणार आहे. शिवाय एकच बेंच असल्याने रांग असते, आणि कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकाने डिझेल सोडणाऱ्या नव्या पद्धतीच्या, गाड्या ते घेतच नाहीत. ही शेवटची गोष्ट मी तक्रारीपेक्षा प्रामाणिकपणाच्या खात्यात मांडतो.

सगळ्या कामाचे मिळून बावीस हजारांच्या आसपास झाले. त्यात मोठा वाटा एलिमेंट आणि नोजलचा, टाकीचा अगदीच थोडा. बदललेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मिळाला. पंपावर सहा महिन्यांची हमी आहे, मात्र डिझेल वाढवण्याच्या स्क्रूला तार ओवून शिशाचे सील लावले आहे आणि ते तुटलेले दिसले तर हमी संपते. त्यामुळे गाडी ड्रायव्हरच्या हाती देणार असाल तर ते सील कुठे आहे आणि त्याला कोणत्याही गॅरेजमध्ये हात लावू द्यायचा नाही, हे त्याला बॉनेट उघडून दाखवून ठेवावे.